चंदनाला थंडी वाजू नये म्हणून

शिरगुप्पे सरांना गाय पाळायची नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं निपाणीत सगळं खापर त्यांच्यावरच फुटलं. जिनेंद्र शिरगुप्पे पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, रसायनशास्त्र शिकवत. सकाळी वर्ग, दुपारी लॅब, दिवस मावळायच्या आत जेवण आणि मग कुणी काही विचारू नये, एवढीच त्यांची आयुष्याकडून अपेक्षा होती. अपेक्षा लहान असली की ती पुरी होते असं लोकांना वाटतं. तसं काही नसतं.

गाय होती अनुराधाबाईंची. त्यांचे वडील रायाप्पा चिकोडीकडच्या खेड्यात एकटे राहत. वय झालं, गुडघे गेले, तसा त्यांनी गोठा रिकामा केला. बैल पुतण्यांना दिले, म्हशी विकल्या, पण चंदना नावाची पोटुशी गाय काही केल्या कुणाच्या हवाली करायला ते तयार होईनात. लेकीकडं जाईल तर जाईल, नाहीतर माझ्यासंगं हितंच मरंल, असं त्यांनी फोनवर सांगितलं. अनुराधाबाईंनी इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याकडं म्हणावं असं काही मागितलं नव्हतं. मैसूरची सहल नाही, पाटल्या नाहीत. त्या दिवशी ताट वाढताना त्या म्हणाल्या, "चंदनाला आणूया." सरांनी नाही म्हणायला कारण शोधलं, पण घराच्या मागं वखार रिकामी पडली होती, त्यामुळं कारण सापडलं नाही.

ही वखार सरांच्या वडिलांनी तंबाखूच्या भरभराटीच्या काळात बांधलेली. काळ्या दगडाच्या जाड भिंती, वर पत्रा, एकच दार, आणि पार उंचावर वहीच्या आकाराचे दोन झरोके. तंबाखू वाळून कुरकुरीत झाला की त्याचा भुगा होतो, म्हणून आत वारा खेळू द्यायचा नाही, हा वखारीचा पहिला नियम. जी इमारत हवा आत येऊ नये म्हणून बांधली, तिच्यात श्वास घेणारं जनावर बांधताना कुणीतरी दोन मिनिटं विचार करायला हवा होता. तो कुणी केला नाही. सर त्या आठवड्यात पेपर तपासत होते.

चंदना आली तशी शिंकली. फरशीच्या फटीत जुन्या तंबाखूची धूळ मुरलेली होती, ती गाईच्या श्वासानं उठली. गाय शिंकते म्हणजे काय, हे ज्यांनी ऐकलंय त्यांनाच कळेल. शेजारचे परशराम, निवृत्त बस कंडक्टर, भिंतीवरून डोकावले.

"सर, गाय तपकीर वडती काय तुमची?"

सरांनी फरशी धुतली. एकदा धुतली, पुन्हा धुतली, ब्रशनं घासली. शिंका कमी झाल्या, पण फरशी ओली राहिली आणि थंडीचे दिवस असल्यामुळं ती काही वाळेना. त्यातच डास झाले. आता इतर कुणी असता तर औषध मारून मोकळा झाला असता. पण शिरगुप्प्यांच्या घरात मुंगीलासुद्धा कागदावर घेऊन बागेत सोडण्याची पद्धत. डास मरता कामा नये आणि चंदनाला चावताही कामा नये, असा अनुराधाबाईंचा निकाल पडला. लक्ष्मीआक्का, ज्या समोरच्या घरात राहत आणि विड्या वळता वळता गल्लीचं सगळं बघत, त्यांनी कडुलिंबाच्या पाल्याची धुरी सुचवली. धुरीनं डास मरतात की नुसते जातात, यावर बस्तीतल्या, म्हणजे जैन मंदिरातल्या, दोघा जाणत्यांचं मत घ्यावं लागलं. एक म्हणाले जातात, दुसरे म्हणाले काही जातात. शेवटी सरांनी झरोक्यांना बारीक जाळी मारली आणि दाराच्या वरच्या फटीत गोणपाट कोंबलं. कुणाची हिंसा झाली नाही आणि प्रश्न सुटला, असं समजून ते अंघोळीला गेले.

मग खरी थंडी पडली. सकाळी उसाच्या फडावर धुकं उतरायचं, हायवेवरच्या गाड्या दिवे लावून जायच्या. रोज संध्याकाळी रायाप्पांचा फोन येऊ लागला.

"पावणं, चंदना कशी हाय?"

"बरी आहे, मामा."

"थंडी लई हाय. दार लावलंसा न्हवं? वारं लागू दिऊ नगा तिला. पोटुशी हाय ती. फटीबिटी आस्तील तर बुजवा."

सासऱ्यांचा शब्द. सर उठायचे आणि आणखी एक फट शोधायचे. रसायनशास्त्राच्या माणसाला काम दिलं की तो नेटानं करतो. दाराच्या खाली ताडपत्रीची पट्टी ठोकली. जाळीवर थर्माकोल चिकटवला. चंदनाला जुन्या घोंगडीचा अंगरखा शिवला, तो अनुराधाबाईंनी स्वतः शिवला, आणि त्याला पोटाखाली नाड्या होत्या. सकाळी वखारीचं दार उघडलं की आतून ऊबदार हवेचा लोट अंगावर यायचा आणि सरांना फार समाधान वाटायचं. डोळ्यांतून पाणीही यायचं. ते त्यांना समाधानाचंच वाटलं.

वास म्हणाल तर, तो त्यांना येत नव्हता. बावीस-तेवीस वर्षं लॅबमध्ये नाना तऱ्हेचे वायू हुंगून त्यांच्या नाकानं केव्हाच हात टेकले होते. अनुराधाबाई गोठ्याशेजारी वाढलेल्या, गोठ्याला वास असायचाच असं त्या धरून चालायच्या. कॉलेजात मात्र मुलं त्यांच्या तासाला खिडक्या उघडून बसायला लागली. एवढ्या थंडीत खिडक्या कसल्या उघडता, म्हणून सर रागावायचे आणि स्वतः उठून लावून घ्यायचे. लाल डोळे बघून प्राचार्यांनी त्यांना बाजूला घेतलं आणि घरी सगळं ठीक आहे ना, असं हळू आवाजात विचारलं. सर म्हणाले, ठीक आहे. प्राचार्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

पुढची अडचण छतातून आली. एके दिवशी सकाळी सरांच्या टकलावर पाण्याचा थेंब पडला. मग दुसरा. चंदनाचा अंगरखा भिजून जड झाला होता. जानेवारीच्या कोरड्या ठणठणीत दिवसांत पत्रा गळतो म्हणजे काय, या विचारानं सर हैराण झाले आणि त्यांनी मष्णूला बोलावलं. मष्णू पत्र्याची कामं करायचा. तो वर चढला, गुडघ्यांवर इकडंतिकडं फिरला आणि आढ्यापाशी थांबून खाली ओरडला.

"गावलं बगा भोक. वाफ हितनंच निघत हुती."

त्यानं ते भोक डांबर घालून बुजवलं. शंका नको म्हणून आजूबाजूच्या फटीही बुजवल्या. सरांनी त्याला चहा दिला, आभार मानले. दुसऱ्या दिवशी, वाफेला वाटच न उरल्यामुळं, पत्रा दुप्पट गळला.

"आता आत ऱ्हायलंय ते गळून संपंल," मष्णू म्हणाला. "भाईरचं यायचं बंद झालं न्हवं?"

सरांनी त्याला आणखी एक चहा दिला.

आणि चंदना खोकायला लागली. आधी सकाळी, मग दिवसभर. डोळ्यांच्या कडेनं पाण्याच्या रेघा, नाकाला शेंबूड, आणि वैरण पुढं टाकली की नुसतं हुंगून मान वळवायची. अनुराधाबाई तिच्या गळ्याखाली हात फिरवत तासन्‌तास उभ्या राहू लागल्या. लग्न होऊन सासरी आल्यावर आपण जसे जेवत नव्हतो तशीच ही जेवत नाही, असं त्या एकदा म्हणाल्या. सरांना ते लागलं, पण त्यांनी काही दाखवलं नाही. ते बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. दमलेल्या माणसाला भिंत फार आवडते.

गल्ली मदतीला धावली. परशराम म्हणाले ओवा-गूळ द्या. लक्ष्मीआक्का म्हणाल्या हळद द्या, आणि दार उघडूच नगा, उघडझाक झाली की वारं घुसतंय. परशराम म्हणाले घोंगडी एक न्हाय दोन घाला. कुणीतरी शेगडी ठेवा म्हणालं, पण कोळसे फुटून चंदनाच्या अंगावर उडतील, म्हणून सरांनी ते टाळलं. या सगळ्या प्रकरणात त्यांनी घेतलेला हा एकमेव शहाणा निर्णय, आणि तोही चुकीच्या कारणानं.

शेवटी ते जनावरांच्या सरकारी दवाखान्याच्या कचेरीत डॉक्टर आणायला गेले. कचेरीतल्या माणसानं चंदनाच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि मान हलवली.

"सर, ही गाय हितं न्हाय."

"म्हणजे?"

"चिकोडी तालुक्यात हाय. मालक रायाप्पा."

"अहो, ती माझ्या वखारीत उभी राहून खोकतेय."

"खोकत आसंल, सर. पर चिकोडी तालुक्यात." तो माणूस वाईट नव्हता. त्यानं सरांना खुर्ची दिली, कन्नडमध्ये अर्ज कसा लिहायचा ते सांगितलं आणि नाव बदलायचं तर जुन्या मालकाच्या फोनवर नंबर येतो, तो तेवढा कळवा म्हणाला.

सर कन्नड बोलायचे झकास. अर्जाचं कन्नड मात्र निराळं असतं. त्यांनी तो अर्ज लिहिला तेव्हा त्यातून गाईला चिकोडीहून निपाणीला बदली हवी आहे आणि तिची सेवा आजवर समाधानकारक आहे, असा काहीसा अर्थ निघाला, आणि कचेरीतल्या माणसानं तो हसू दाबत पुन्हा लिहून दिला. मग सरांनी सासऱ्यांना फोन लावला.

"मामा, तुमच्या फोनवर एक नंबर आला असेल. तो वाचून दाखवा."

"आलाय काय तर. टुंग वाजलं."

"वाचा."

"चष्मा कोटात हाय."

"मग घाला की चष्मा."

"कोट मळ्यात हाय. खुंटीला आडकवून आलतो."

मळ्यात जाऊन येईपर्यंत नंबरची मुदत संपली. दुसरा नंबर मागवला. तेव्हा रायाप्पा मळ्यात होते आणि मळ्यात रेंज नव्हती. तिसऱ्या वेळी चष्मा, कोट, रेंज सगळं एका जागी जमलं आणि रायाप्पांनी खणखणीत आवाजात जो आकडा वाचला तो कुठल्याशा बियाणं कंपनीच्या जाहिरातीचा निघाला. फोन ठेवायच्या आधी त्यांनी नेमानं विचारलं, "दार लावलंसा न्हवं?" सर म्हणाले, लावलंय. त्यांच्या आवाजात आता जीव राहिला नव्हता.

चंदना दुसऱ्या दिवशी खाली बसली आणि उठेना. अनुराधाबाई तिच्याजवळ ओल्या फरशीवरच बसल्या. सर दारात उभे होते.

"काय शिकिवता वो तुम्ही वर्गात?" त्या वळून न बघता म्हणाल्या. "एवढी पुस्तकं वाचलासा. एक गाय जगवता येत न्हाय. आप्पा तिचं वासरू बघायला येणार हायेत. काय दावू त्यास्नी?"

सरांना राग यायला हवा होता. पण रागाला थोडी ताकद लागते. ते नुसते म्हणाले, "बघतो काहीतरी," आणि कुठं बघायचं हे माहीत नसल्यामुळं अंगणात येऊन उभे राहिले.

तेवढ्यात फाटकापाशी स्कूटर थांबली. जनावरांच्या डॉक्टर पारमिता आल्या होत्या. कचेरीत पडलेल्या अर्जावर त्यांनी शिरगुप्पे हे नाव बघितलं होतं. अकरावी-बारावीला त्या सरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायच्या, आणि आपले सर गाईसाठी कचेरीत हेलपाटे घालतायत म्हटल्यावर त्या बिल्ला, तालुका वगैरे भानगडीत न पडता सरळ घरी आल्या. सरांना एकदम बरं वाटलं. आपण शिकवलेलं माणूस आपल्या उपयोगी पडतं, हा मास्तरकीतला सर्वांत मोठा आनंद असतो. तो आनंद त्यांना वखारीच्या दारापर्यंत पुरला.

वारं नको म्हणून ओढून घेतलेलं दार पारमितांनी उघडलं, एक पाऊल आत टाकलं आणि दोन पावलं मागं आल्या. त्यांनी ओढणी नाकाला लावली. डोळे पुसले. मग सरांकडं बघितलं.

"सर, तुम्ही आत किती वेळ असता?"

"सकाळ-संध्याकाळ. का?"

"तुम्हाला काही वाटत नाही?"

"ऊब वाटते."

पारमितांनी ओढणी नाकावरून खाली घेतली. ज्याच्या समोर आपण उभं राहून धडा म्हटला, त्याला तोच धडा म्हणून दाखवणं अवघड असतं. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "रंगहीन. तीव्र, झोंबणारा वास. हवेपेक्षा हलका. ओला लाल लिटमस निळा करतो. तुम्हीच लिहून दिलं होतं आम्हाला."

सरांनी वखारीकडं बघितलं. भिंतींकडं, थर्माकोलकडं, मष्णूच्या डांबराकडं. वर्षानुवर्षं फळ्यावर ज्याचं सूत्र लिहिलं तो अमोनिया त्यांनी स्वतःच्या हातांनी, सगळ्या फटी बुजवून, गोमूत्र आणि ओलं शेण घालून तयार केला होता. लॅबमध्ये एवढा कधी जमला नव्हता.

"बाहेर काढायची तिला," पारमिता म्हणाल्या. "आत्ताच."

हाकेसरशी धावून आलेले परशराम आणि मष्णू, सर आणि डॉक्टर अशा चौघांनी रेटा दिला, अनुराधाबाईंनी पुढून हाक मारली आणि चंदना कशीबशी उठली. नेणार कुठं? समोर पोर्च होता. सरांनी गाडी काढून रस्त्यावर लावली, खाली कोरडा पाचोळा पसरला आणि गाय पोर्चमध्ये बांधली. भिजका अंगरखा काढून टाकला, गोणपाटानं अंग पुसून कोरडं केलं. हे बघून गल्लीत हाहाकार झाला. लक्ष्मीआक्का विड्यांचं सूप तसंच टाकून आल्या. पोटुशी गाय उघड्यावर, ह्या गारठ्यात. बस्तीतले दोन्ही जाणते आले आणि या वेळी त्यांचं एकमत होतं. जीवदया म्हणून काही आहे की नाही, असं त्यांनी सरांना सगळ्यांसमोर विचारलं.

"ती थंडी सोसते," पारमिता म्हणाल्या. "कोरडं अंग, खाली कोरडं, आणि मोकळी हवा. एवढं मिळालं की बास. आत तिची फुप्फुसं जळत होती." मग अनुराधाबाईंकडं वळून त्यांनी विचारलं, "आधी कुठं असायची ही?"

"आमच्या आप्पांच्या गोठ्यात. तुराट्यांच्या भिंती, वर कौलं. दार लावलं तरी आतनं चांदण्या दिसायच्या."

"मग तिथं थंडीत दार लावणं बरोबरच होतं," पारमिता म्हणाल्या. "बाकी सगळीकडनं हवा येत होती. इथं दारच तेवढं होतं."

त्या सहज बोलल्या. पण अनुराधाबाईंचा हात चंदनाच्या पाठीवर थांबला. रोज संध्याकाळचा फोन स्पीकरवर असायचा. त्या तोंड फिरवून उभ्या राहिल्या, आणि बायकोचे खांदे इतके खाली आलेले सरांनी आजवर कधी बघितले नव्हते.

चंदनानं संध्याकाळी पेंडीला तोंड लावलं. मष्णूनं डांबर खरवडून आढ्याचा पत्रा मोकळा केला, झरोके वाढवले आणि भिंतीच्या वरच्या अंगाला लांबलचक पट्टा उघडा पाडला. आपणच बुजवलेलं आपणच उघडताना त्याला काही वाटलं नाही, त्यानं दोन्ही वेळा तेवढंच मन लावून काम केलं. डास पोर्चमध्ये होते, पण थंड वाऱ्यात तेही मरगळलेले असत. खोकला उतरत गेला. संक्रांत झाल्यावर एका सकाळी, परशराम, लक्ष्मीआक्का, दूधवाला आणि रस्त्यानं जाणाऱ्या निम्म्या निपाणीच्या साक्षीनं चंदना पोर्चमध्येच व्याली. कालवड झाली. अंगानं बारीक होती, पण धडपडत उभी राहिली आणि थेट सरांच्या पायावर पडली.

त्याच दिवशी दुपारी रायाप्पा बसनं आले. हातात काठी, अंगात तो कोट. फाटकातून आत शिरले तशी त्यांना पोर्चमध्ये चंदना दिसली. बरगड्या दिसत होत्या. डोळ्यांखालच्या पाण्याच्या रेघा अजून पुसल्या नव्हत्या. ते वासराकडं न जाता आधी तिच्याकडं गेले, तिच्या कपाळाला कपाळ लावून उभे राहिले, आणि मग सगळी हकीकत परशरामांकडून त्यांना कळली. परशराम कंडक्टर असल्यामुळं त्यांचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोहोचायचा. वखार, गोणपाट, थर्माकोल, डांबर, एकही थांबा त्यांनी चुकवला नाही.

रायाप्पांनी काठी फरशीवर आपटली. "कुणी सांगितलं हुतं," ते म्हणाले, "जनावराला आसं कोंडून घालायला?"

कालवड बघायला अंगणात सगळे जमले होते. गल्ली, बस्तीतले जाणते, मष्णू, डॉक्टर पारमिता. अनुराधाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या होत्या आणि तिथंच थांबल्या. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. म्हातारा खरोखरच विचारत होता. त्याला आठवत नव्हतं, किंवा आठवत होतं आणि त्याचा अर्थ अजून त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता. पोहोचला असता तर ते त्याला झेपलं नसतं.

"कुणी नाही, मामा," सर म्हणाले. "मीच केलं. मला वाटलं ऊब बरी. तुम्ही तर फोनवर सांगत होता, थोडी हवा राहू द्या म्हणून. मीच ऐकलं नाही."

रायाप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांनी सरांना असं काही फैलावर घेतलं की वर्गात नापास पोराला कुणी घेणार नाही. केमिस्ट्री शिकिवता म्हणं. कसली केमिस्ट्री. माझ्या बैलाला जास्त कळत हुतं. सांगून सांगून माझं तोंड दुकलं, पर ह्यास्नी कुटं ऐकायचं आस्तंय. परशराम मान डोलावत होते. मष्णूही डोलावत होता, हे विशेष. सर मान खाली घालून उभे होते. उद्या हे सगळं कॉलेजात पोहोचणार, परवा विद्यार्थ्यांच्या तोंडी होणार, हे त्यांना दिसत होतं. बोलून बोलून म्हातारा मोकळा झाला, त्यानं काठी भिंतीला टेकवली, आणि तो वासराकडं वळून त्याच्या पाठीवरून बोटं फिरवत स्वतःशीच हसायला लागला.

माणसं पांगली. सर वखारीत शेण काढायला गेले. वरच्या उघड्या पट्ट्यातून गार वारा येत होता. अनुराधाबाई मागोमाग आल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"आप्पांनी आसं कधी सांगितलं हुतं?" त्या म्हणाल्या. "खोटं बोलायचं कधीपासनं शिकलासा?"

सर शेण ओढत राहिले.

"सगळ्यांदेखत बोललासा. पाप लागतंय खोटं बोललं की."

"लागू दे," सर म्हणाले. ते फार दमले होते.

अनुराधाबाईंनी पदर खोचला, त्यांच्या हातातलं घमेलं काढून घेतलं आणि खाली वाकल्या.

"निम्मं माझ्या नावावर घाला," त्या म्हणाल्या.